नाकतोड्याला फाइल बदललेली कशी कळली?

ऑक्टोबरची काहिली होती. शिवारात बाजरीची कापणी सुरू झालेली. प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ची एक विद्यार्थिनी लॅपटॉप छातीशी धरून आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये आली आणि म्हणाली, "सर, माझा नाकतोडा आधी उडी मारतो आणि मग घाबरतो."

मी हातातली सोल्डरिंग गन स्टँडवर ठेवली.

कॉलेज बोरी नदीच्या काठच्या एका तालुक्याचं. नाव सांगत नाही, कारण चूक कॉलेजची नव्हती आणि खरं तर कुणा एकाचीच नव्हती. मी तिथे इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. मेंदू हा माझा विषय नाही. पण प्राण्याची हालचाल एका यंत्रावर आणि त्याच्या चेतापेशीचे विजेचे ठोके दुसऱ्या यंत्रावर टिपले, की त्या दोघांत जे भांडण लागतं ते माझ्या विषयातलं असतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय. जिल्ह्याच्या कॉलेजांमधून आता मुलं असे प्रयोग करू लागली आहेत. त्यांना मोबाइल, ॲक्शन कॅमेरा, साउंड कार्ड असं हाती येईल ते सामान वापरावं लागतं, आणि त्या सामानाच्या माहितीपत्रकात ही भानगड कुठेच छापलेली नसते.

नाकतोडाच का

उंदरावर काम करायचं तर नोंदणी केलेलं प्राणिगृह हवं, समितीची परवानगी हवी, शस्त्रक्रियेची सोय हवी. तालुक्याच्या कॉलेजात यातलं काही नसतं. नाकतोडा मात्र गणपतीनंतर बाजरीच्या बांधावर जाळी फिरवली की वाटीभर मिळतो. मुलीचे वडील शेतकरी, त्यामुळे पुरवठा घरचाच.

आधी तिने रुईवरचे ते पिवळे-निळे रंगीत नाकतोडे धरून आणले होते. दिसायला देखणे, पकडायला सोपे. पण त्यांचं सगळं संरक्षण विषावर आणि भडक रंगावर. रुईचा चीक पचवलेल्या किड्याला पळायची काय घाई? त्यांच्यासमोर काहीही आणलं तरी ढिम्म. मग ती बाजरीवरच्या हिरव्या नाकतोड्यांकडे वळली. ते भित्रे असतात, आणि प्रयोगाला भित्राच लागतो.

या जातकुळीच्या कीटकांत डीसीएमडी नावाची एक चेतापेशी असते. तिच्यावर जगभरात अर्ध्या शतकाहून जास्त काम झालंय. डोळ्यामागे एलजीएमडी नावाची एक मोठी पेशी असते. एखादी वस्तू थेट अंगावर चालून येत असेल, म्हणजे डोळ्यातली तिची प्रतिमा भराभर फुगत असेल, तर ती पेशी पेटते. तिचा प्रत्येक ठोका जसाच्या तसा डीसीएमडीकडे जातो. डीसीएमडी डोक्यात बाजू बदलते आणि मानेतून खाली छातीकडे उतरते, जिथे पायांचा कारभार चालतो. बगळ्याची चोच आली, पेशी पेटली, पाय आखडले, उडी. हा क्रम.

कामाच्या दृष्टीने मोठी सोय अशी, की या पेशीचा तंतू जाड असतो. त्यामुळे मानेतल्या चेतारज्जूजवळ केसाइतक्या बारीक इन्सुलेटेड तारा ठेवल्या, की सगळ्यांत उंच दिसणारे ठोके तिचेच असतात. नाकतोड्याला थोडा वेळ फ्रिजमध्ये थंड करायचं, तारा बसवायच्या, मेणाने बंद करायचं. तासाभराने स्वारी पुन्हा चालू-फिरू लागते.

तिची मांडणी अशी होती. तारांमधला संकेत एका छोट्या ॲम्प्लिफायरमधून लॅपटॉपच्या माइकच्या खोबणीत जायचा आणि सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी ध्वनीसारखा नोंदला जायचा. समोर ६० हर्ट्झचा मॉनिटर, त्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर फुगत जाणारं काळं वर्तुळ. बाजूला ॲक्शन कॅमेरा, सेकंदाला १२० फ्रेम. हा कॅमेरा तिच्या आतेभावाचा, तो लग्नांचं शूटिंग करतो. नाकतोडा एका थर्माकोलच्या तुकड्यावर मोकळा, तारांना हातभर ढील, भोवती मच्छरदाणीचं कापड.

व्हिडिओतून हालचाल काढायला तिने डीपलॅबकट वापरलं होतं. २०१८ मध्ये आलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. दीडशे-दोनशे फ्रेमवर आपण हाताने ठिपके ठेवायचे, मागच्या पायाचा गुडघा कुठे, टाच कुठे. बाकीच्या हजारो फ्रेमवर ते स्वतः शोधतं. हे काम तिने फार नेटकं केलं होतं. सांगायचा मुद्दा इतकाच, की ठिपके बरोबर होते. ठोकेही बरोबर होते. चूक या दोहोंच्या मध्ये होती, आणि मधल्या जागेकडे कुणी बघतच नाही.

आधी उडी, मग भीती

प्रत्येक फाइल दहा मिनिटांची. सुरुवातीला ती थर्माकोलला एक टिचकी मारायची. टिचकी व्हिडिओत दिसते आणि तार हलल्यामुळे रेकॉर्डिंगमध्येही एक झटका येतो. दोन्हीकडे तिथे शून्य मांडायचं. मग पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या मिनिटाला काळं वर्तुळ.

तिने मला आलेख दाखवला. पहिल्या मिनिटाच्या वर्तुळाला ठोके आणि उडी जवळजवळ एकाच वेळी. तिसऱ्या मिनिटाला ठोके उडीच्या मागे. पाचव्याला अजून मागे. नवव्या मिनिटाला उडी होऊन अर्ध्या सेकंदाच्या वर वेळ गेल्यावर ठोक्यांचा भर. खरं तर या पेशीच्या ठोक्यांचा कळस आणि उडी यांच्यात शंभरेक मिलिसेकंदांच्या आतलंच अंतर असतं, आणि तेही ठोके आधी, उडी नंतर.

तिच्या मार्गदर्शक सरांना हे सापडलेलं आवडलं होतं. त्यात नवल नाही. ही पेशी सरावते, हे प्रसिद्धच आहे. तेच वर्तुळ पुन्हापुन्हा दाखवलं की ठोके कमी होत जातात. तेव्हा सरावामुळे पेशी नुसती थकत नाही, तिला उशीरही होतो, असा अर्थ त्यांनी लावला. उडी दुसरीच कुठली तरी पेशी घडवत असेल. त्याहून मजा म्हणजे नवी फाइल सुरू झाली की उशीर पुन्हा शून्यावर यायचा. त्याचंही उत्तर तयार होतं: दोन फाइलींच्या मध्ये कार्ड तपासायला दोन-तीन मिनिटं जातात, तेवढ्या विश्रांतीत पेशी ताजी होते.

एका परिषदेसाठी गोषवाराही पाठवून झाला होता.

मला खटकलं ते एवढंच, की उशीर अगदी सरळ रेषेत वाढत होता. सरावणं असं सरळ रेषेत चालत नाही. ते आधी भरकन उतरतं आणि मग सपाट होत जातं. विद्यार्थी लेक्चरला कंटाळतात तसं. पण हे मी बोललो असतो तर तो विषयाबाहेरच्या माणसाचा संशय ठरला असता. म्हणून मी तिला फक्त एक प्रश्न विचारला, "नाकतोड्याला फाइल बदललेली कशी कळते?"

"विश्रांती मिळते ना सर."

"मग विश्रांती देऊ नको. फाइल बंद कर, लगेच चालू कर, टिचकी मार, पुढचं वर्तुळ वेळेवर दाखव. आणि दुसऱ्या नाकतोड्यावर उलट कर. फाइल चालूच ठेव, मध्ये तीन मिनिटं काहीच दाखवू नको."

दोन दिवसांनी ती आली तेव्हा तिचा चेहराच सांगत होता. विश्रांती न देता फाइल बदलली, तर उशीर शून्यावर आला. विश्रांती देऊन फाइल तीच ठेवली, तर उशीर वाढतच राहिला, त्या तीन मिनिटांचाही हिशेब धरून. आप्पा, आमचे लॅब अटेंडंट, दारातूनच विचारते झाले, "काय व्हयनं ताई?" ती म्हणाली, "काही नाही आप्पा, पेपर गेला."

पुसलेला झटका

पेपर गेला हे कळलं, पण दोन महिन्यांची रेकॉर्डिंग्ज टाकून देण्यासारखी आहेत का, हे कळलं नव्हतं. मी तिला कच्च्या फाइली लावायला सांगितल्या. तिने लावल्या त्या फिल्टर केलेल्या. मी म्हटलं, ह्याच्याही आधीच्या.

कच्च्या फाइलींमध्ये जागोजागी मोठे, ओबडधोबड झटके होते. नाकतोडा उडी मारतो तेव्हा तारा हिसकतात आणि रेकॉर्डिंगमध्ये घाण येते. कुणालाही नको असते. तिनेही पहिल्याच टप्प्यात ती फिल्टरने पुसली होती, आणि पुसायलाच हवी होती. पण पुसण्याआधी बघायला हवी होती. कारण हा हिसका म्हणजे उडीची सही, आणि ती ठोक्यांच्याच फाइलीत, ठोक्यांच्याच घड्याळावर पडलेली. कॅमेऱ्याची मध्यस्थी नाही.

नवव्या मिनिटाचं वर्तुळ लावलं. ठोके दाट होत गेले, कळसाला पोचले, आणि त्याच्या लगोलग हिसका. क्रम बरोबर! व्हिडिओतली उडी मात्र त्या हिशेबाने अर्धा सेकंद आधीच होऊन गेलेली. एकच उडी दोन ठिकाणी.

मग आम्ही एका फाइलीतल्या सगळ्या उड्या घेतल्या. आडव्या अक्षावर व्हिडिओची वेळ, उभ्यावर हिसक्यांची. रेषा इतकी सरळ आली की पट्टी लावावी. फक्त तिचा चढ १ नव्हता. मिनिटाला साधारण ६० मिलिसेकंदांचा फरक. म्हणजे सेकंदाला १ मिलिसेकंद. म्हणजे हजारात एक.

हजारात एक हा आकडा माझ्या ओळखीचा वाटत होता, पण कुठला ते आठवेना. साध्या क्रिस्टलची घड्याळं दहा लाखांत वीस-पन्नासने चुकतात. हजारात एक ही चूक त्यांच्यासाठी फारच मोठी. उत्तर शेवटी कॅमेऱ्याच्या मालकानेच दिलं. तो आतेभाऊ मेमरी कार्ड परत न्यायला आला होता. आमचं बोलणं उभ्याउभ्या ऐकलं आणि हसून म्हणाला, "सर, हाई ते लगीनमा रोजनंच शे."

त्याने सांगितलं ते असं. लग्नात आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतात, चित्र कॅमेऱ्यावर. मंगलाष्टकं चालू असताना भटजींचे ओठ आवाजाशी चोख जुळतात. सप्तपदीपर्यंत येता येता ओठ हलून गेल्यावर मंत्र ऐकू येतो. म्हणून तो सुरुवातीला एक टाळी वाजवतो आणि शेवटीही एक. मग एडिटिंगला आवाज थोडा आवळतो. "तीस लिहिलेलं असतं सर, पण तीस नसतं. मेनूत एनटीएससी आहे ना."

तेव्हा आठवलं. अमेरिकेत १९५३ मध्ये एनटीएससी हे रंगीत टीव्हीचं मानक ठरलं. जुन्या कृष्णधवल संचांवर आणि आवाजाच्या वाहक लहरीवर परिणाम होऊ नये म्हणून सेकंदाला ३० फ्रेमचा वेग किंचित, हजार भागिले एक हजार एक इतका, खाली आणला. २९.९७. ते टीव्ही संच भंगारात गेले, पण हा वेग कॅमेऱ्यांच्या मेनूत अजून नांदतोय. ६० म्हणजे ५९.९४ आणि १२० म्हणजे ११९.८८. मुलीने फ्रेम क्रमांकाला १२० ने भागलं होतं. त्यामुळे व्हिडिओतली प्रत्येक घटना सेकंदामागे एक मिलिसेकंद लवकर घडलेली दिसायची. नवव्या मिनिटाला ५४० मिलिसेकंद. तासाभराच्या लग्नात ३.६ सेकंद.

तिचा गणिताचा पेपर चांगला असणार, कारण तिला लगेच पुढचं दिसलं. "म्हणजे माझी एक टिचकी फक्त सुरुवातीचा फरक काढत होती. चढ काढायला दुसरी हवी होती." बरोबर. एका बिंदूतून हव्या तेवढ्या रेषा जातात.

दोघांनाही दिसेल असा साक्षीदार

आता सरळ मार्ग असा होता, की १२० च्या जागी ११९.८८ घालायचं आणि मोकळं व्हायचं. मार्गदर्शक सरांचं तेच म्हणणं होतं, आणि वेळ बघता ते चूकही नव्हतं. पण माझं समाधान होईना. ११९.८८ हाही कॅमेऱ्याने सांगितलेलाच आकडा. कॅमेऱ्याचं क्रिस्टल आणि साउंड कार्डचं क्रिस्टल दोन वेगळ्या कारखान्यांतली. त्यांच्यात दहा लाखांत २० चा फरक निघाला तरी दहा मिनिटांत १२ मिलिसेकंद होतात, म्हणजे एका फ्रेमपेक्षा जास्त. त्यात आमच्याकडची उष्णता. दुपारी लॅबच्या पत्र्याखाली तो कॅमेरा एवढा तापायचा की स्वतःच बंद पडायचा. तापलेला कॅमेरा एखादी फ्रेम गिळतो का, हे कोण सांगणार? फ्रेम गिळली की तिथून पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात आणि रेषेला पायरी पडते. ती पायरी दोन टाळ्यांनी दिसत नाही.

मोठ्या प्रयोगशाळांत याचा बंदोबस्त असतो. तिथे मेंदूतले संकेत सेकंदाला ३०,००० नमुन्यांनी घेतात, आणि कॅमेरे असे असतात की शटर उघडलं की एका तारेवर ० वरून ५ व्होल्टचा खटका देतात. तो खटका ठोक्यांच्याच यंत्रात नोंदला जातो, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला जन्मवेळ मिळते. तिथे याची किंमतही तशीच असते. उंदराच्या मेंदूत जागा ओळखणाऱ्या पेशी असतात. ओकीफ आणि दोस्त्रोव्हस्की यांनी १९७१ मध्ये त्या दाखवल्या, आणि ओकीफ यांना २०१४ चं नोबेल मोझर दांपत्यासोबत मिळालं. उंदीर सेकंदाला अर्धा मीटर पळत असेल तर आमची ५४० मिलिसेकंदांची चूक त्याला २७ सेंटिमीटर बाजूला नेऊन ठेवते. पेशी एका कोपऱ्याची आणि नोंद दुसऱ्याच कोपऱ्याची.

आमच्या ॲक्शन कॅमेऱ्याला असली तार नाही. मग उलट करायचं. कॅमेरा सांगत नसेल, तर त्याला दाखवायचं.

अर्डुइनो उनो हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड घेतला. त्याच्या एका पिनवर एलईडी, तो कॅमेऱ्याच्या चौकटीच्या कोपऱ्यात. त्याच पिनची दुसरी तार १०० किलोओम आणि १ किलोओम रोधांच्या व्होल्टेज-दुभाजकातून, ५ व्होल्टचे साधारण ५० मिलिव्होल्ट करून, साउंड कार्डात. एलईडी ५० मिलिसेकंद पेटतो, मग अर्ध्या ते अडीच सेकंदांत कधीही पुन्हा. कधी ते अर्डुइनोच्या मनावर.

मुलीने इथे चांगली हरकत काढली. "सर, तुम्हीच शिकवलं की उनोच्या मुख्य चिपला क्रिस्टल नसतं, सिरॅमिक रेझोनेटर असतो. तो अर्ध्या टक्क्यापर्यंत चुकू शकतो. म्हणजे कॅमेऱ्याहून पाचपट वाईट घड्याळ आपण मधे आणतोय."

आणतोय, पण त्याला वेळ विचारत नाही. त्याने सेकंदाला लुकलुकायचं कबूल करून सव्वा सेकंदाने लुकलुकलं तरी आपलं काही बिघडत नाही. ती लुकलुक कॅमेऱ्याने त्याच्या घड्याळावर पाहिली आणि साउंड कार्डाने त्याच्या. घटना एकच. साक्षीदाराला घड्याळ वाचता आलं नाही तरी चालेल, दोघांनाही तो दिसला पाहिजे.

आणि अंतरं विषम का? समान अंतराची लुकलुक म्हणजे रुळाकडेचे खांब. भुसावळकडून येताना डुलकी लागली आणि जाग आल्यावर खांब दिसला, तर तो कितवा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण भादली, जळगाव, शिरसोली अशी दोन-तीन स्टेशनं ओळीने गेली की आपण कुठे आहोत ते पक्कं. विषम अंतरांच्या पाच-सात लुकलुकींचा क्रम दहा मिनिटांत पुन्हा तसाच येण्याची शक्यता जवळजवळ नाही. फाइल उशिरा सुरू झाली, मधली एखादी लुकलुक पायाआड गेली, तरी जुळणी सापडते.

तिने एक चतुर सूचनाही केली होती. महावितरणची ५० हर्ट्झची गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये येतेच, आणि ट्यूबलाइटचं सेकंदाला १०० वेळा होणारं फडफडणं व्हिडिओत दिसतं. दोघांचा बाप एकच, मग त्यालाच साक्षीदार का करू नये? कल्पना मला फार आवडली. पण ते पुन्हा खांबच. सगळे सारखे. शिवाय वारंवारता ४९.९० ते ५०.०५ अशी डोलत राहते, आणि वीज इन्व्हर्टरवर गेली की गुणगुणच बदलते. आमच्याकडे ती दिवसातून किती वेळा जाते ते विचारू नका.

डबा बनवताना झालेल्या फजित्या

लॅपटॉपची माइकची खोबण एकच वाहिनी घेते, हे आम्हाला दोन्ही तारा खुपसून झाल्यावर कळलं. उजवीकडचे खटके आणि डावीकडचे ठोके एकमेकांत मिसळले. मग लाइन-इन असलेलं, खरंखुरं दोन वाहिन्यांचं यूएसबी साउंड कार्ड मागवलं. डाव्या वाहिनीवर नाकतोडा, उजव्या वाहिनीवर अर्डुइनो. दोन्ही एकाच चिपमधून नोंदले जातात, म्हणून त्यांच्या आपसात घड्याळाचा वाद उरत नाही.

दुसरं, साउंड कार्ड स्थिर व्होल्टेज बघतच नाही. ५० मिलिसेकंदांचा सपाट ठोकळा पाठवला, तर नोंदीत दिसते एक वर जाणारी टाचणी, ओसरत जाणारा उतार, आणि मग खाली जाणारी टाचणी. मुलगी घाबरली, पण घाबरण्यासारखं काही नव्हतं. आपल्याला फक्त कडा हव्या होत्या, आणि कडाच तर उठून दिसत होत्या.

तिसरी फजिती खरी मजेशीर. एलईडी लावल्यावर पहिल्याच दिवशी नाकतोड्याची पेशी प्रत्येक लुकलुकीला ठोके देऊ लागली. अंगावर काही येत नसताना! आता हे दोन प्रकारे होऊ शकतं. एक, एलईडीचा प्रवाह सामाईक ग्राउंडमधून ॲम्प्लिफायरमध्ये शिरतोय आणि ते ठोके नाहीतच. दोन, नाकतोडा खरंच दिवा बघतोय. मी एलईडीवर काळी चिकटपट्टी लावली आणि प्रवाह तसाच ठेवला. उंच ठोके गायब झाले, पण प्रत्येक कडेला, अगदी त्याच क्षणी, एक बारीक उंचवटा शिल्लक राहिला. म्हणजे दोन्ही कारणं खरी होती. जे शून्य उशिराने येतं ते तारेतून, जे थोडं थांबून येतं ते डोळ्यातून. ग्राउंडची तार वेगळी काढली, एलईडीचा प्रवाह कमी केला, आणि एलईडी काळ्या कागदाच्या नळीत बसवून तिचं तोंड फक्त कॅमेऱ्याकडे ठेवलं. मच्छरदाणीचं पांढरं कापड प्रकाश परतवत होतं, म्हणून तेही काळं केलं. यात पूर्ण आठवडा गेला. साक्षीदारानेच आरोपीला खुणा कराव्यात तसं झालं होतं ते.

मॉनिटरचं राहिलंच होतं. संगणक म्हणतो "वर्तुळ दाखवलं", पण पडद्यावर ते लगेच येत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन वर्तुळाबरोबर काळ्याचा पांढरा होईल असं केलं, त्यावर प्रकाश ओळखणारा फोटोडायोड चिकटवला आणि त्याचाही खटका उजव्या वाहिनीवर सोडला. अर्डुइनोच्या खटक्यापेक्षा बुटका, म्हणजे ओळखू येतो. वर्तुळ आम्ही समजत होतो त्यापेक्षा तीन-चार फ्रेम उशिरा उमटत होतं, ५० ते ६७ मिलिसेकंद. ठोके आणि उडी यांच्या क्रमाला त्याने धक्का लागत नाही. पण ठोके कळसाला पोचले तेव्हा वर्तुळ डोळ्यात किती अंशांचं झालं होतं, हा या पेशीबाबतचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि तो या मिलिसेकंदांवरच उभा आहे.

काय उरलं

दहा मिनिटांत सुमारे ४०० लुकलुकी. दोन याद्या, एक फ्रेम क्रमांकांची, एक साउंड कार्डच्या सेकंदांची. अंतरांचे क्रम जुळवायचे, रेषा बसवायची, आणि रेषेपासून प्रत्येक बिंदू किती ढळलाय ते बघायचं. चढातून खरा वेग ११९.८८ च्या आसपास निघाला, दर फाइलीला शेवटच्या आकड्यांत किंचित वेगळा. ढळ एका फ्रेमच्या, म्हणजे ८.३ मिलिसेकंदांच्या आत, कारण लुकलुक फ्रेमच्या मध्ये कुठेही येऊ शकते. दोन फाइलींत मात्र मध्येच पायरी होती, आणि दोन्ही भर दुपारच्या. गिळलेल्या फ्रेमा त्याच.

उशीर नाहीसा झाला. पहिल्या मिनिटाला जो क्रम, तोच नवव्याला. ठोके, कळस, पाय आखडणं, उडी. सरावणं मात्र खरं निघालं. वर्तुळ पुन्हापुन्हा दाखवल्यावर ठोक्यांची संख्या घटत होती, आणि ते मोजायला कॅमेऱ्याची गरजच नव्हती. मार्गदर्शक सरांनी परिषदेचा गोषवारा दोन ओळींच्या मेलने मागे घेतला. त्यांच्या जागी मी असतो तर मला ते इतक्या पटकन जमलं नसतं.

जुन्या रेकॉर्डिंग्जमधल्या ज्या फाइलींत चार-पाच तरी उड्या पसरून होत्या, त्या हिसक्यांवरून रेषा बसवून वाचवल्या. तिथेही मी एक अट घातली. हिसक्यावरून फक्त चढ काढायचा, एकेका उडीचं ठोक्यांपासूनचं अंतर मोजायचं नाही. तार नेमकी केव्हा हिसकली, पाय आखडताना की सुटताना, हे फाइलीगणिक बदलतं. मुलीला हे पटलं नाही. तिच्या मते दहा-पंधरा मिलिसेकंदांची सूट चालली असती. प्रबंधात तिने शेवटी माझी अट पाळली आणि तळटिपेत स्वतःचं मतही लिहिलं.

नव्या फाइलींसाठी आतेभावाने कॅमेऱ्याच्या मेनूत एनटीएससीऐवजी 'पाल' हे दुसरं टीव्ही मानक निवडून दिलं. सेकंदाला १०० फ्रेम. फ्रेम जरा लांबली, पण ट्यूबलाइटचं फडफडणं थांबलं. अर्डुइनोचा डबा तरीही लावलेलाच असतो.

तोवर बाजरी उरकली होती आणि बांधावर नाकतोडे मिळेनासे झाले. तुळशीचं लग्न झालं तशी आतेभावाच्या तारखा सुरू झाल्या आणि कॅमेरा गेला. जाताना त्याने डबा उलटसुलट करून पाहिला आणि मंडपात असा एक लावता येईल का म्हणून विचारलं. लुकलुकणारे दिवे मंडपात आधीच शेकड्याने असतात, हे मी त्याला सांगितलं.

सहा फाइली मात्र कशातच बसल्या नाहीत. त्यांत नाकतोडा एकदाही उडाला नाही. नुसते ठोके, आणि शेजारी त्याचा निवांत व्हिडिओ. लॅपटॉपवर त्यांचं एक वेगळं फोल्डर आहे. मुलीने त्याला नाव दिलंय, "वेळ माहीत नाही".